मेबाईंची भरतकामाची खोली

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपणही काही लिहावे, असे आमच्या अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याची सवय म्हणजे वाण्याची यादी आणि माहेरचे पत्र, एवढीच. परंतु मंडळाच्या भरतकामाच्या वर्गात मी बरीच वर्षे शिकविते, तेव्हा निदान त्या विषयावर दोन शब्द लिहावेत, असा आग्रह झाला. माझी मुलगी चित्रकलेच्या शाळेत शिकते. तिने ग्रंथालयातून एका इंग्रज बाईंविषयीचे पुस्तक आणले होते. रात्री जेवणे आटोपल्यावर तिने मला ते वाचून समजावून दिले. त्या बाईंचे नाव मे मॉरिस. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली; पण त्यांची हकीगत ऐकताना ती आपल्या वर्गातल्याच कोणा बाईची आहे, असे मला वारंवार वाटले. म्हणून तीच इथे सांगते.

मेबाईंचा जन्म २५ मार्च १८६२ रोजी इंग्लंडात झाला. खरे नाव मेरी, पण घरी सगळे मेच म्हणत. वडील विल्यम मॉरिस. विलायतेत हे नाव मोठे आहे. ते कवी होते, भिंतीवर लावायच्या कागदाचे आणि कापडाचे नक्षीकार होते आणि उत्तरवयात त्यांनी कामगारांच्या बाजूने भाषणेही केली. आई जेन ही ऑक्सफर्डच्या एका पागेत काम करणाऱ्या गरीब माणसाची मुलगी. १८५९ साली दोघांचे लग्न झाले. मग त्यांनी लंडनबाहेर लाल विटांचे एक घर बांधविले आणि त्याचे नावही ‘रेड हाउस’ ठेवले. मेबाई त्याच घरात जन्मल्या. जेनी नावाची थोरली बहीण एक वर्षाने मोठी.

घर नवे, भिंती रिकाम्या. बाजारात मिळणारे पडदे नवऱ्याच्या पसंतीस उतरेनात. एके दिवशी जेनबाईंना लंडनच्या दुकानात निळ्या रंगाचे जाडसर लोकरी सर्ज स्वस्तात मिळाले. त्यांनी ते घरी आणले. नवरा खूष झाला आणि त्याने लगेच त्यावर फुलांच्या झुपक्यांची नक्षी काढून दिली. बायको भरायला बसली. पण जुन्या पद्धतीचे टाके शिकविणार कोण? तेव्हा नवराबायकोने जुने भरतकाम मिळवून त्याचे टाके एकेक करून उसवले, आणि सुई कुठून वर आली, कुठे खाली गेली, हे पाहून ती विद्या उचलली. आपल्याकडेही हे असेच होत आले आहे. माझ्या आईने कितीतरी टाके शेजारणीच्या जुन्या पोलक्यावरून उचलले होते. जेनबाईंनी भरलेला तो निळा पडदा अजून टिकून आहे.

मे तीन वर्षांची असताना मंडळी लंडनला राहायला आली. क्वीन स्क्वेअर नावाच्या चौकात एक मोठे घर होते. खाली वडिलांची कंपनी आणि तिचे कारखाने, वर बिऱ्हाड. त्यामुळे रंगीत काचा, फरशा, कापड आणि कारागीर हे सारे मुलींना लहानपणापासून परिचयाचे. आई भरायला बसे, मावशी भरायला बसे. मावशी बेसी तर यात फारच तरबेज होती. मुलींच्या हाती सुई आली ती अशी. पुढे १८७१ साली वडिलांनी थेम्स नदीच्या वरच्या अंगाला केल्मस्कॉट नावाच्या खेड्यात एक जुना दगडी वाडा भाड्याने घेतला. मुलींच्या सुट्ट्या तिथे जाऊ लागल्या. बाग, नदीकाठची गवते, पाखरे आणि कुंपणावरच्या वेली मेने तिथे जवळून पाहिल्या. तिच्या पुढच्या साऱ्या नक्षीत हीच झाडेपाने येतात.

मे तेराचौदा वर्षांची असताना वडिलांना रंगाच्या कामाने पछाडले. त्या वेळी बाजारात रसायनांपासून केलेले नवे भडक रंग आले होते. ते विटत, आणि विटले की कळाहीन दिसत. वडिलांना जुने, वनस्पतींचे रंग हवे होते: निळीचा निळा, मंजिष्ठासारख्या मुळांचा तांबडा. लीक गावी थॉमस वॉर्डल नावाचे रंगारी कारखानदार होते, त्यांच्याकडे जाऊन ते पिंपात हात घालून शिकले. कोपरापर्यंत हात निळे करून ते घरी येत. त्या काळात विलायतेत जाणारी नीळ बरीचशी आपल्या बंगाल-बिहाराकडची असे, आणि ती पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचे किती हाल झाले, हे आपल्याकडे ठाऊक आहे. वडिलांना आपल्या देशाच्या कारागिरीविषयी आदर होता. इंग्रजांच्या व्यापाराने हिंदुस्थानचे हातमागाचे आणि नक्षीचे धंदे बुडत आहेत, असे त्यांनी १८७९ साली भर सभेत बोलून दाखविले. त्याच वर्षी त्यांनी हॅमरस्मिथच्या घरी आपल्या निजायच्या खोलीत माग उभा केला होता. पहाटे उठून ते विणायला बसत आणि किती तास झाले याची वहीत नोंद करीत. एका पटाला पाचशे सोळा तास लागले, असे त्या नोंदीवरून कळते. मुलगी हे सारे पाहत होती.

मेने थोडे दिवस दक्षिण केन्सिंग्टनच्या सरकारी कलाशाळेत भरतकामाचे शिक्षण घेतले. तिथल्या संग्रहालयात जुन्या काळची, पाचसहाशे वर्षांपूर्वीची इंग्रजी भरतकामे होती. तासन् तास त्यांच्यासमोर बसून ती त्यांचे टाके पाही. आणि १८८५ साली, तेविसाव्या वर्षी, वडिलांनी कंपनीचा भरतकामाचा सारा विभाग तिच्या हाती दिला. आता तिला मे म्हणून चालायचे नाही, मेबाई म्हटले पाहिजे. नक्षी काढणे, कापड आणि रेशीम निवडणे, कामावर मुली नेमणे, त्यांना शिकविणे, गिऱ्हाइकाला किंमत सांगणे आणि मुदतीत काम देणे, ही सारी जबाबदारी त्यांच्यावर आली.

त्यांच्या कामाची जागा म्हणजे काही मोठा कारखाना नव्हता. आधी वडिलांच्या हॅमरस्मिथच्या घरातच काम चाले. पुढे त्या जवळच हॅमरस्मिथ टेरेस या आळीत आठ नंबरच्या घरात राहायला गेल्या, तेव्हा दिवाणखान्यातच मुलींना बसवून काम सुरू झाले. उंच, अरुंद घरांची ती रांग होती. मागच्या बाजूला लहानशी बाग आणि बागेपलीकडे थेम्स नदी. भरतकामाला उजेड किती लागतो, हे मी तुम्हांला सांगायला नको.

कामाची रीत अशी. आधी झाड नीट पाहायचे. पान देठाला कसे चिकटते आणि फूल कळीतून कसे उमलते, हे समजल्याशिवाय नक्षी काढायची नाही. मग नक्षी कागदावर काढून तिच्या रेघांवर टाचणीने बारीक भोके पाडायची आणि वरून पूड चोळून ती कापडावर उतरवायची. आपल्या वर्गात पूर्वी रॉकेलात कालवलेली नीळ खाक्यावर फिरवून छाप उठवीत असू, त्यातलाच हा प्रकार. मग कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवायचे. टाके मात्र थोडेच. पन्नास प्रकारचे टाके अर्धवट येण्यापेक्षा पाचसात टाके हातात पक्के बसावेत, हे त्यांचे मत. साखळी, भरीव टाका, धावदोरा आणि विशेषतः रफूसारखा जवळजवळ घातलेला टाका. या शेवटच्या टाक्याने त्यांच्या विभागात मोठमोठे पडदे असे भरले जात, की मूळचे कापड दिसूच नये, नुसते रेशीमच रेशीम. रंगांत त्यांना निळीच्या निळ्यातली ती किंचित करडी छटा आवडे. असे रंग शेजारच्या रंगाशी भांडत नाहीत आणि वर्षानुवर्षे उन्हात राहिले तरी शोभा टिकवितात. १८९३ साली त्यांनी भरतकामावर एक पुस्तकही लिहिले. त्यात टाक्यांची, रंगांची आणि नक्षीची माहिती सोपी करून सांगितली आहे.

त्यांचे सगळेच काम श्रीमंतांसाठी नव्हते. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर कंपनीचे दुकान होते. तिथे कापडावर नक्षी उठवून, सोबत रंगीत रेशमाच्या लड्या देऊन तयार सामान मिळे. कधी कधी एक कोपरा भरूनही देत, म्हणजे पुढचे काम कसे करायचे ते घरच्या बाईला कळे. बाकीचे तिने आपल्या हाताने, आपल्या सवडीने पुरे करायचे. उशीचा अभ्रा, टेबलावरचे कापड, लहानसा पडदा, असे पुष्कळ काम घरोघरच्या बायकांनी केले. आणि मेबाई हिशेबाच्या पक्क्या. १८९२ पासून १८९६ पर्यंतची त्यांची रोजची वही जपून ठेवलेली आहे. कोणते काम, कोणाचे, किती किमतीचे, सारे त्यात लिहिलेले. हात कलावंताचा असला तरी वही हवीच, हे आपल्या वर्गाच्या चिटणीसबाई नेहमी सांगतात, त्यांना हे वाचून बरे वाटेल.

त्यांच्या हाताखाली काम केलेल्या मुलींपैकी एक लिली येट्स. प्रसिद्ध आयरिश कवी येट्स यांची ती बहीण. १८८८ पासून सुमारे सहा वर्षे ती मेबाईंकडे होती. घरची ओढग्रस्त होती, म्हणून तिला कमवावे लागे. मेबाई शिस्तीच्या आणि तापट होत्या. लिलीचे त्यांच्याशी फारसे जमले नाही आणि त्यांच्याविषयी तिचे मत चांगले राहिले नाही. हे लपविण्यात अर्थ नाही. आपल्या हाताखालच्या मुलीला आपला स्वभाव जाचतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. मलाही वर्गात टाका उसवायला लावताना जरा दमाने बोलले पाहिजे, असे ते ऐकताना वाटले. पण विद्या मात्र लिलीने पुरी उचलली. पुढे आपल्या बहिणीबरोबर डब्लिनजवळ तिने भरतकामाची आणि छापखान्याची शाखा चालविली आणि कितीतरी आयरिश मुलींना उद्योग दिला.

याच मुलींकडून मेबाईंनी आपल्या वडिलांच्या पलंगाचे पडदे करून घेतले. केल्मस्कॉटच्या वाड्यात एक जुना चार खांबांचा पलंग होता. वाडा जुना, थंडी फार. वडिलांनी त्या पलंगावर एक कविता केली. मेबाईंनी ती वरच्या झालरीवर अक्षरे भरून उतरविली आणि पडद्यांवर जाळीदार मांडव, वेल आणि पाखरे काढली. पलंगपोस आईने भरला. बाप, लेक, आई आणि कामाच्या मुली अशा सर्वांचे हात त्या एका पलंगाला लागले आहेत. तो आजही तिथे पाहावयास मिळतो.

त्यांच्या संसाराची कहाणी सुखाची नाही. बर्नार्ड शॉ हे पुढे मोठे नाटककार झाले. तरुणपणी त्यांचे मॉरिसांच्या घरी येणेजाणे होते. मेबाईंचे मन त्यांच्यावर बसले, पण शॉसाहेब काही बोललेच नाहीत. १८९० साली मेबाईंनी स्पार्लिंग नावाच्या गृहस्थांशी लग्न केले. ते वडिलांच्याच चळवळीत काम करीत. पण ते लग्न टिकले नाही. १८९८ साली कायद्याने फारकत झाली आणि त्यांनी पुन्हा माहेरचे नाव लावले. मधल्या काळात, १८९६ च्या ऑक्टोबरात, वडील वारले. थोरल्या बहिणीला पंधराव्या वर्षापासून फेपऱ्याचा आजार जडला होता, तिची काळजी आयुष्यभर होतीच. अशा सगळ्यात या बाईंची सुई थांबली नाही.

आता मला ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती सांगते. १८८३ साली, एकविसाव्या वर्षी, मेबाईंनी भिंतीवर लावायच्या कागदासाठी हनीसकल नावाच्या सुवासिक वेलीची नक्षी केली. ती फार खपली. पण पुढे कितीतरी वर्षे लोक ती वडिलांचीच समजत. त्यांच्या भरतकामाचेही तसेच झाले. कंपनी वडिलांच्या नावाची, तेव्हा त्यातून निघालेले सुंदर ते सारे वडिलांचे, असा समज. बाप प्रेमळ होता, त्याने मुलीच्या हाती विश्वासाने काम दिले होते. नाव मुद्दाम कोणी लपविले, असेही नाही. फक्त विचारलेच नाही कोणी.

हे ऐकताना मला माझ्या आईची आठवण झाली. मी लहान असताना आमच्याकडे एक प्रदर्शन भरले होते. आईने चार महिने खपून एक पडदा भरला होता, मोर आणि डाळिंबांचा. सांजवात झाली, आम्ही जेवून निजलो, की ती दिव्याजवळ बसे. प्रदर्शनात पडद्याला बक्षीस मिळाले. आम्ही पाहायला गेलो, तर खालच्या चिठ्ठीवर नाव वडिलांचे! नोंदणी त्यांच्या नावाने झाली होती, एवढेच. वडिलांनाच ओशाळल्यासारखे झाले. आई हसली आणि म्हणाली, घरातच तर आहे बक्षीस. पण परत येताना ती वाटभर बोलली नाही, हे मला अजून आठवते.

उलट एक गोष्ट ऐकून समाधान वाटले. ज्या वॉर्डलसाहेबांकडे मेबाईंचे वडील रंग शिकले, त्यांनी आपल्या हिंदुस्थानातील टसर रेशीम रंगविण्याची युक्ती काढली होती. हे टसराचे किडे आपल्या भंडारा-चांद्याकडेही ऐन-अर्जुनाच्या झाडांवर पोसतात. या वॉर्डलांच्या पत्नी एलिझाबेथबाईंनी लीक गावच्या बायकांचे भरतकामाचे मंडळ काढले. फ्रान्समधील बायो गावचा सुमारे सत्तर मीटर लांबीचा, नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीचा भरलेला पट आहे. त्याची हुबेहूब नक्कल या बायकांनी १८८५-८६ साली केली, आणि जिने जो तुकडा भरला त्याच्या खाली तिने आपले नाव टाक्यांत घातले. तो पट आता इंग्लंडात रेडिंगच्या संग्रहालयात आहे आणि ती नावे अजून वाचता येतात.

मेबाईंनीही पुढे स्वस्थ बसून चालविले नाही. लंडनच्या सेंट्रल स्कूल या कलाशाळेत त्यांनी भरतकाम शिकविले आणि त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. १९०९ च्या हिवाळ्यात अमेरिकेला जाऊन त्यांनी भरतकाम, दागिने आणि नक्षी यांवर व्याख्याने दिली. लंडनात कारागिरांचा एक मोठा संघ १८८४ पासून होता, वडिलांचे सारे मित्र त्यात. पण बायकांना तिथे प्रवेश नव्हता. पुष्कळ काळ वाट पाहून १९०७ साली मेबाईंनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी बायकांचा स्वतंत्र कलासंघ स्थापन केला. पुरुषांच्या त्या संघाने पहिली स्त्री सभासद घेतली ती १९६४ साली. तोवर मेबाईंना जाऊन सव्वीस वर्षे झाली होती.

१९१० ते १९१५ या काळात त्यांनी वडिलांचे सारे लेखन चोवीस खंडांत छापून काढले. प्रत्येक खंडाला स्वतः प्रस्तावना लिहिली. एवढ्या वेळात त्यांनी स्वतःचे किती पडदे भरले असते! पण वडिलांचे नाव राखण्याचे काम त्यांनी आपले मानले. १९२३ पासून त्या केल्मस्कॉटच्या वाड्यातच कायमच्या राहिल्या. महायुद्धात शेतावर काम करायला आलेल्या मेरी लॉब नावाच्या बाई त्यांच्या सोबतीला शेवटपर्यंत होत्या. दोघी मिळून आइसलँडपर्यंत प्रवास करून आल्या. गावातल्या बायकांच्या संस्थेत मेबाई काम करीत. वडिलांच्या स्मरणार्थ गावासाठी सभागृह व्हावे म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे पैसे गोळा केले. १९३४ साली ते उघडले, आणि उद्घाटनाला आले कोण, तर म्हातारे झालेले बर्नार्ड शॉ! दोन वर्षांनी मेबाईंनी त्यांना एका पत्रात कळविले, की आपण काही साधीसुधी बाई नव्हतो, पण तुम्हा मंडळींपैकी कोणाला तसे कधी वाटले नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी हे लिहिले. १७ ऑक्टोबर १९३८ रोजी केल्मस्कॉटलाच त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर ऐंशीच्या आसपास वर्षे गेली. २०१७ साली लंडनला वडिलांच्या नावाच्या संग्रहालयात मेबाईंच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. पडदे, नक्षीचे कागद, दागिने, सारे एकत्र मांडले, आणि खाली नाव होते मे मॉरिस. मुलीने मला त्याची चित्रे दाखविली. एका पडद्यावरच्या पानाचा रफूचा टाका मी बराच वेळ पाहत बसले. पानाच्या वळणाबरोबर टाकाही वळला होता.

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाला दरसाल भरतकाम मांडले जाते. चिठ्ठीवर आपण लिहितो, अमुक घराण्याकडून, किंवा सौ. लावून नवऱ्याचे नाव. यंदा माझी एक विनंती आहे. जिने भरले तिचे स्वतःचे नाव आधी लिहावे, आणि दोघी-तिघींचा हात लागला असेल तर तिघींचीही. ज्या आजींनी भरले त्या आता नसतील, तरी त्यांचे नाव घरात विचारून घ्यावे. अध्यक्षीणबाईंनी याला होकार दिला आहे. आईचा तो मोराडाळिंबांचा पडदा माझ्याकडे आहे. एका कडेला थोडा विरला आहे. यंदा मी तो मांडणार आहे आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या रेशमाने आईचे नाव घालायला मी सुरुवात केली आहे.